प्रसादाचा शिरा आणि नववी आज्ञा

सत्यनारायणाचा प्रसाद खायचा की नाही, या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती घरांत जेवढा खल झाला असेल तेवढा त्रैक्याच्या सिद्धांतावरही झाला नसेल. नगरकडच्या आमच्या मंडळीत या बाबतीत उघड दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न ते, पवित्र शास्त्र वाचणाऱ्यानं त्याला हात लावू नये. दुसऱ्याचं म्हणणं, शेजारीण एवढं तूप घालून शिरा करते, तिचं मन मोडायला सांगणारा देव आपला नव्हे. या दोहोंच्या मध्ये एक मोठा, शहाणा आणि न बोलणारा गट होता. तो प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, ‘मुलांना नेते हं’ म्हणायचा, कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचा. पुढं त्याचं काय होई ते ज्याचं त्याला ठाऊक. काही जणांना प्रसाद वाटपाच्या वेळेपुरता मधुमेह होई.

प्रश्न जुनाच आहे. पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक बंदरात देवळात बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात विकायला येई, मेजवान्यांत वाढलं जाई. तिथल्या नवख्या ख्रिस्ती लोकांनी पौलाला हेच विचारलं होतं, आणि पौलाचं उत्तर पहिल्या पत्रात तीन अध्याय वळणं घेत जातं. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा मांसाला काही चिकटत नाही. बाजारात मिळेल ते फार चौकशा न करता घ्या. कुणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा. पण तिथं कुणी मुद्दाम सांगितलं, की हे देवापुढं ठेवलेलं आहे, तर मात्र खाऊ नका. तुमच्या मनासाठी नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. त्याच पत्रात देवळातल्या पंगतीला बसण्याविरुद्ध त्यानं खडसावलंही आहे, त्यामुळं आमच्या दोन्ही तटांना आपापली वचनं काढून दाखवता येतात आणि भांडण कधी मिटत नाही.

मात्र त्या भांडणात एक गोष्ट नेहमी निसटते. समोरच्याच्या मनात काय चाललं आहे हे कळल्याशिवाय पौलाचा सल्ला पाळताच येत नाही.

पुण्यात आमच्या समोरच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण असतो. एका वर्षी काकूंनी मला संध्याकाळच्या तीर्थप्रसादाऐवजी सकाळच्या कथेलाच बोलावलं. “प्रसादाला सगळेच येतात गं, कथेला कुणी टेकत नाही,” असं म्हणाल्या. गुरुजी पोथी भरभर वाचत होते, मुलं चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटांशी खेळत होती, आतून रवा भाजल्याचा वास येत होता. मी मात्र नीट ऐकत होते, कारण ही कथा मला फक्त नावानं माहीत होती. साधुवाण्याची मुलगी कलावती पूजेला बसलेली असते. नवरा नाव घेऊन परत आल्याचं कळतं आणि ती प्रसाद न घेताच किनाऱ्याकडं धावत सुटते. ती पोचते तो नवऱ्यासकट नाव दिसेनाशी झालेली. घरी परत येऊन प्रसाद खाल्ल्यावरच नवरा मिळतो. पुढं तुंगध्वज राजाची गोष्ट. रानात गुराखी पूजा करत असतात, ते राजाला प्रसाद आणून देतात. राजा तो राजेपणाच्या तोऱ्यात तिथंच टाकून जातो आणि मुलंबाळं, वैभव सगळं गमावतो. मग त्याच गुराख्यांत येऊन बसतो, त्यांच्या हातचं खातो, तेव्हा गेलेलं परत येतं.

गुरुजींनी पोथी मिटली आणि पाच मिनिटांत द्रोण फिरू लागले.

म्हणजे बघा, जिनं आत्ताच ऐकलं की प्रसाद सोडून धावलं तर नाव बुडते, त्या बाईला मी म्हणणार, ‘नको, गोड कमी केलंय.’ मला वाटणार मी माझ्या देवाशी इमान राखलं. तिला ऐकू येणार, की ही राजाची लेक आम्हा गुराख्यांत बसत नाही. महाराष्ट्रात कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, याचा इतिहास काय आहे ते आम्हा ख्रिस्ती लोकांइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या आज्या-पणज्यांना कुणी पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नव्हता.

मी खाल्ला तो प्रसाद. पण खाल्लाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. माझी धाकटी बहीण आजही खात नाही. ती काकूंना तसं तोंडावर सांगते, कारणासकट, हसून, आणि स्वतः उठून पंगतीचं वाढायला घेते. काकूंना तेही चालतं. पर्समधला कागदी रुमाल चालत नाही, आणि तो त्यांना कधीच कळत नव्हता असं आम्हाला उगाच वाटत असे. (जाता जाता: बंगालात सत्यनारायण आणि सत्यपीर यांची पूजा हिंदू-मुसलमान मिळून करत आले असं अभ्यासक सांगतात. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असेल. देव काय घरी बसून राहतो का?”)

हे सगळं मी ‘सहिष्णुता’ वगैरे खात्यात टाकत नाही. त्या शब्दाला सरकारी फलकाचा वास येतो. मला हा प्रश्न दहा आज्ञांमधल्या एका आज्ञेचा वाटतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही ती आज्ञा. आम्हा प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी, कॅथलिकांच्या आठवी. संडे स्कूलमध्ये तिचा अर्थ ‘खोटं बोलू नये’ एवढाच शिकवला जातो. पण ती मुळात न्यायाच्या जागची आज्ञा आहे. गावच्या वेशीत वडीलधारे बसत, दोघातिघांच्या साक्षीवर माणसाचा जीव जाऊ शकत असे. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात खोट्या साक्षीदाराला सजाही तीच ठरवली आहे, जी त्यानं दुसऱ्याला व्हावी म्हणून बेत केला. ऐकीव माहितीवर बोलणं तिथं परवडणारं नव्हतं.

आणि शेजाऱ्याच्या धर्माविषयी आपण सगळेच उठल्याबसल्या साक्ष देत असतो. ‘त्यांच्यात असंच असतं.’ ‘ते लोक पैसे घेऊन बाटतात.’ ‘ते दगडाला देव मानतात.’ ‘त्यांना लहानपणापासूनच तसं शिकवतात.’ यातलं किती आपण स्वतः पाहिलेलं, विचारलेलं असतं? ज्याला ही आज्ञा पाळायची आहे त्याला शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी शिकून घ्यावंच लागतं. भक्तीतली ती जादाची हौस नव्हे, चोरी न करण्याइतकीच ती बंधनकारक आहे. येशूनं शेजारी कोण या प्रश्नाचं उत्तर देताना जो शमरोनी माणूस उभा केला, त्याचा देवाचा डोंगरसुद्धा वेगळा होता, यरुशलेमऐवजी गरिज्जीम. ऐकणाऱ्या यहुद्यांना ते चांगलंच झोंबलं असणार.

शिकून घेण्याचा इतिहास मात्र निर्मळ नाही. मराठी ख्रिस्ती माणसानं तरी तो भाबडेपणानं सांगू नये.

फादर थॉमस स्टीफन्सचं नाव मराठीच्या प्राध्यापकांना प्रिय. इंग्लंडमध्ये 1549 साली जन्मलेला हा जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षांनी तिथंच वारला. त्यानं मराठी पुराणं वाचली, ओवी आत्मसात केली आणि 1616 साली रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणात जवळपास अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. त्याचा स्वर्ग वैकुंठ आहे. मराठीची थोरवी त्यानं ज्या प्रेमानं गायली ते पाहून आजही गौरवदिनाला त्याची आठवण निघते. पण क्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे, त्याच्यावरून आपण घाईनं पुढं जातो. साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला तसं काहीतरी द्या.

त्या एका मागणीत केवढं काय आलं. 1560 च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होता. हा माणूस त्याच्या आधी काही वर्षं फतेहपूर सिक्रीला अकबराच्या इबादतखान्यात मुल्ला-मौलवींशी, पंडितांशी धर्मचर्चा करत बसला होता. बादशहाच्या दरबारात ज्याला सगळ्यांचं ऐकून घेता आलं, तो साष्टीच्या एका गावात देऊळ पाडणाऱ्यांच्या पक्षातला माणूस म्हणून मारला गेला. नंतर कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं. आक्वाविवा आणि त्याच्या सोबत्यांचे देह मिळवायला जे गेले त्यांत स्टीफन्स होता. क्रिस्तपुराण लिहिणारा हात तो हा. मला त्याचं पुराण वाचताना ही दोन्ही दृश्यं डोळ्यांपुढून हलत नाहीत आणि त्यातलं एक झाकून दुसरं दाखवणं मला जमत नाही. शेजाऱ्याची भाषा, छंद, उपमा सगळं शिकून घेतलं, पण शेजाऱ्याला ‘नको’ म्हणायची मुभा नव्हती. ते शिकणं कितीही सुंदर असलं तरी अर्धंच.

विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले. विद्वत्ता अशी, की पारशी धर्मावर लिहायचं म्हणून त्यांनी पारशांचे जुने ग्रंथ मुळातून वाचायचा घाट घातला आणि 1843 साली जाडजूड पुस्तक काढलं. पण वाचायचं ते खोडून काढण्यासाठी. पानोपानी सरकारी वकील बोलतो आहे. त्या काळी हिंदू पंडितांशीही असेच जाहीर वाद झाले. 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी वाद घालत, आणि जॉर्ज बोवेन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं त्यातली प्रश्नोत्तरं त्याच वर्षी छापली. पुढं दुसऱ्या बाजूनंही ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ प्रसिद्ध झाला. माझ्या मते ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत आपापला माणूस जिंकतो. पण विष्णुबुवांनी बायबल बारकाईनं वाचलं होतं, हे कळतं. वाळूवर उभं राहून का होईना, दोन्हीकडचे लोक एकमेकांचे ग्रंथ उघडत होते. आज टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांपैकी कितीजण तेवढी मेहनत करतात, हा प्रश्न विचारून सोडून द्यावा.

याच विल्सनांच्या बाबतीत एक गंमत घडली. कोकणातले बेने इस्रायल, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. विल्सननी त्यांच्या मुलांना हिब्रू शिकवली, हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू काय, ते वेगळं सांगायला नको. मुलं हिब्रू शिकली, जुना करार मराठीत आणि मुळात वाचू लागली आणि पहिल्यापेक्षा पक्की यहुदी झाली. ख्रिस्ती फारच थोडे झाले. पुढं त्यांनी बायबलमधल्या गोष्टींवर मराठी कीर्तनंही केली. देवाला विनोदबुद्धी आहे असं मानायला मला या एका प्रकरणाचा आधार पुरतो.

आता जस्टिन अ‍ॅबट. हा माणूस मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री, 1881 पासून सुमारे तीस वर्षं मुंबईत. निवृत्त होऊन न्यू जर्सीतल्या समिट या गावी परतला. तिथं म्हातारपणी त्यानं काय करावं? महिपती, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांचं साहित्य इंग्रजीत आणायला घेतलं. पंडित नरहर गोडबोले सोबतीला. 1926 पासून ‘पोएट-सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ ही माला निघू लागली. 1932 साली अ‍ॅबट वारला, तरी त्यानं मागं ठेवलेल्या पैशांतून उरलेली पुस्तकं निघत राहिली. बहिणाबाई शिऊरकरांचं आत्मचरित्र परदेशी वाचकांपुढं पहिल्यांदा आलं ते या पाद्रीमुळं. आता विचार करा. समिटसारख्या थंड गावात वारकऱ्यांच्या चमत्कारकथांचं भाषांतर करून एकाचंही धर्मांतर होणार नव्हतं. मिशनच्या अहवालात लिहिण्याजोगं त्यात काही नव्हतं. तीस वर्षं ज्या लोकांत राहिलो ते कशावर जगतात, हे आपल्या लोकांना खरंखरं सांगावं, एवढ्यासाठीच केलेलं काम ते. नवव्या आज्ञेचा याहून चांगला अर्थ लावलेला मला माहीत नाही.

अर्थात शिकण्यात धोका असतोच. आमच्या वडिलधाऱ्यांना तो दिसत असे. ‘जास्त खोलात शिरू नकोस, वाहवत जाशील,’ असं माझे मामा म्हणायचे. ते अगदीच चुकीचं नव्हतं. व्हेरियर एल्विन 1927 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला तो ख्रिस्ती संन्यासी होऊन भारतीय भक्तीचा अभ्यास करायला. गांधींकडं ओढला गेला, मग मंडल्याच्या गोंडांकडं गेला आणि काही वर्षांत चर्चच सोडून बसला. दुसऱ्या बाजूनं पाहा: नारायण वामन टिळकांच्या हाती आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला आणि 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, घर दुभंगलं. लक्ष्मीबाईंनी ते दिवस कसे काढले ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. शेजाऱ्याचं पुस्तक उघडणारा तसाच्या तसा परत येईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. ज्याला ती हमी हवी त्यानं उघडूच नये. पण मग साक्षही देऊ नये.

टिळकांबद्दल एक तक्रार आहे. तक्रार म्हणजे त्यांच्यावर नाही, आमच्यावर. टिळक तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आले असं ते स्वतः सांगत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतपुस्तक उघडलं की पानोपानी टिळकच भेटतात. रविवारी पेटी-तबल्यावर ती गीतं सुरू झाली की माझं आजही मन भरून येतं. पण त्यामुळं एक झालं. ‘शेजाऱ्याचा धर्म’ म्हटलं की मराठी ख्रिस्ती विद्वानाच्या डोळ्यांपुढं वारी येते, गाथा येते, फार तर उपनिषदं येतात. पोप सहावे पॉल 1964 च्या डिसेंबरात मुंबईला आले तेव्हा त्यांनीही उपनिषदातली प्रार्थना म्हटली, आणि पुढच्या वर्षी 28 ऑक्टोबरला व्हॅटिकन परिषदेनं अन्य धर्मांविषयीचं ते प्रसिद्ध पत्रक काढलं. चांगलंच झालं. फादर दलरींसारखा फ्रेंच जेझुइट वारीत चालला, विठोबावर त्यानं प्रबंध लिहिला. तेही उत्तम.

पण नगर, जालना, औरंगाबादकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांचा खरा शेजारी कोण? बहुतेक ठिकाणी तो बौद्ध आहे. आणि शेजारी कसला, भाऊबंदच. मिशनच्या काळात महार-मांग वस्त्यांमधली काही घरं ख्रिस्ती झाली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि उरलेल्यांतली बरीच बौद्ध झाली. आमच्या गावी एकाच बोळात एका भिंतीवर क्रूस, पलीकडच्या भिंतीवर पंचशील ध्वज. आडनाव एक, लग्नातली भांडणं एक, आजीच्या ओव्याही एकच. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास केला होता. ख्रिस्ती झालेल्या दलितांची स्थिती काय, मंडळीत जात कशी शिल्लक राहिली, यावर त्यांनी लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना आमची कानशिलं तापतात. त्यांनी आम्हाला वाचलं. आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ किती घरांत वाचला? आमच्या पाळकांच्या अभ्यासक्रमात शंकराचार्य असतात. पलीकडच्या घरातली वंदना सकाळी सातला सुरू होते, तिच्यात काय म्हणतात ते विचारायला बोळ ओलांडायची तसदी कोण घेतो? अलेक्झांडर रॉबर्टसन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्यानं 1938 साली ‘द महार फोक’ लिहिलं, त्यात मरीआई, म्हसोबा, घरातले विधी असं सगळं टिपलं आहे. असं पुस्तक स्वतःच्या आजोळाबद्दल एखाद्या परक्यानं लिहिलेलं वाचावं लागावं, हे जरा विचित्रच.

या बोळात एक कडू गोष्टही आहे, ती झाकून ‘आंतरधर्मीय संवाद’ होत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं शिखांना तो मिळाला, 1990 साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती लोकांना नाही. म्हणजे भिंतीच्या या बाजूच्या पोराला दाखला नाही, त्या बाजूच्याला आहे. दोघांचा खापरपणजोबा एकच. हेवा, टोमणे, ‘तुम्हाला काय, तुमच्या मिशनच्या शाळा’ आणि ‘तुम्हाला काय, तुमच्या जागा’ हे दिवाळी-नाताळच्या फराळासोबत चालूच असतं. तरी कुणाच्या घरी मयत झालं की दोन्ही घरांतली चूल एकाच वेळी बंद होते. बुद्धवंदना कानावर पडते आणि मग आमच्यातली कुणीतरी म्हातारी डोळे मिटून ‘आमेन’ म्हणते. भंते काही म्हणत नाहीत. पाळकसाहेबांनी एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं. तिनं ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी जरा हळू म्हटलं.

उलट दिशेनं काय दिसतं? आम्हाला ओळखतात ते हिंदी सिनेमातून. तिथल्या ख्रिस्ती बाईला मराठी येत नाही, ती वाईन पिते आणि जिन्यावरून पडते. गुड फ्रायडेला मोबाइलवर ‘हॅपी गुड फ्रायडे’चे गुलाब येतात. पहिल्यांदा राग येई, आता मी एक ओळ उलट पाठवते, की आज प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस, हॅपी परवा. त्यातून कधीकधी चांगली बोलणी सुरू होतात. एरवी वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत जाऊन पाहावं. सप्टेंबरात आठवडाभर डोंगर चढणाऱ्यांत किती मंगळसूत्रं, किती नऊवारी. फुटपाथवर मेणाचे हात, पाय, डोळे, पाळण्यातलं बाळ, छोटं कौलारू घर, हल्ली विमानसुद्धा. ज्याला जे हवं त्यानं त्याचं मेण वाहायचं. कोळणी माउलीशी बोलतात त्या थेट, सासरच्या थोरल्या बाईशी बोलावं तशा. धर्मशास्त्र त्यांना कुणी विचारत नाही आणि त्या कुणाला सांगत नाहीत. मला हे आवडतं, पण हे जाणून घेणं आहे असं मी म्हणणार नाही. जवळ येणं आणि ओळख होणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याकडं पहिलीवर भागवून दुसरी राहून जाते.

ओळख व्हायला बहुधा खोचक प्रश्न विचारावे लागतात, आणि ते विचारण्याइतकी सलगी लागते. 2025 च्या मार्चात तशी संधी आमच्या जिन्यातच चालून आली. रमजानचे रोजे 2 तारखेला सुरू झाले, आमचा राखेचा बुधवार 5 ला. म्हणजे तळमजल्यावरच्या आपांचे रोजे आणि माझा लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपासकाळ, बरोबरच चाललेले. त्यात मधल्या सोमवारी आली संकष्टी, म्हणजे समोरच्या काकूंचाही उपास. संध्याकाळी लिफ्ट बंद पडली आणि आम्ही तिघी पायऱ्यांवर टेकलो, तिघीही उपासाच्या दिवसांतल्या, आणि तिघींनाही मनातून वाटत होतं, की खरा उपास आपलाच.

आपांनी सुरुवात केली. “काकू, तुम्ही खिचडी खाता, वेफर्स खाता, चहा पिता, मग उपास कशाचा?” त्यावर काकूंनी हविष्यान्नापासून धान्य का वर्ज्य असतं इथपर्यंत सगळं समजावून सांगितलं, आणि उलट विचारलं, की रात्री एवढं तळलेलं खाऊन दिवसा उपाशी राहण्यात काय संयम? आपा म्हणाल्या, पाणीसुद्धा नाही हो, थुंकी गिळतानासुद्धा विचार करते बाई, आणि रागवायचंही नाही, चुगली करायची नाही, नाहीतर नुसती भूक उरते. काकू म्हणाल्या, चंद्र दिसेपर्यंत आमचंही तसंच. मी म्हटलं, ईस्टरची तारीखसुद्धा चंद्रावरूनच ठरते, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. हे ऐकून दोघी जरा चमकल्या. चंद्र ही आपल्या दोघींचीच मिळकत आहे असा त्यांचा समज असावा.

मग मोर्चा माझ्याकडं वळला. काय सोडता? मी सांगितलं, मटण-मासे सोडते, शुक्रवारी एक वेळ जेवते, वाचतील ते पैसे दानपेटीत.

“आणि त्या एका वेळेला काय खाता?” काकूंनी विचारलं.

“साधंच. पोळी, भाजी.”

काकूंनी आपांकडं पाहिलं, आपांनी काकूंकडं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

“पोळी?” काकू म्हणाल्या. “अगं, उपासाला चक्क पोळी?”

“आणि पाणी पण पिता ना?” आपांनी विचारलं.

मी येशूनं उपासाविषयी काय शिकवलं ते सांगायला लागले, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना उपास दिसू देऊ नका वगैरे. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की ते सगळं ठीक आहे, विचार चांगला आहे, पण पुढच्या शुक्रवारी त्या साबुदाणा भिजवणार आहेत, आणि दाण्याचं कूट आमच्यात चालतं की नाही ते मी आधी आमच्या पाळकसाहेबांना विचारून ठेवावं.